नवं घर बांधताना ऊर्जानियम: सातारा-सांगलीतून वारंवार येणारे प्रश्न

मी साताऱ्यात राहतो आणि दोन्ही जिल्ह्यांत घरांचे नकाशे करतो. फलटणपासून जतपर्यंतची मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे इको निवास संहितेच्या २०१८ च्या पहिल्या भागातले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एका उत्तराचा धागा बऱ्याचदा दुसऱ्यात जातो.

१. इको निवास संहिता म्हणजे नेमकं काय? हा विजेचा नियम आहे की बांधकामाचा?

बांधकामाचा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऊर्जा दक्षता ब्युरोमार्फत १४ डिसेंबर २०१८ रोजी संहितेचा पहिला भाग आणला. त्यात पंखे, एसी, दिवे यांचा संबंध नाही. घराच्या बाहेरच्या भिंती, खिडक्या आणि छत एवढाच विषय आहे. अटी चार. भिंती आणि खिडक्या मिळून आत येणारी उष्णता ठरलेल्या मर्यादेत हवी (प्रश्न ४). छतातून उतरणारी उष्णता मर्यादेत हवी (प्रश्न ११). वाऱ्यासाठी उघडणाऱ्या खिडक्या पुरेशा हव्यात (प्रश्न ९). आणि काचेतून दिवसाचा उजेड आत यायला हवा (प्रश्न १०).

पुढे २०२१ मध्ये दुसरा भाग आला. त्यात लिफ्ट, पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, सौरऊर्जा अशा गोष्टी आल्या. २०२४ मध्ये सुधारित आवृत्तीही निघाली. म्हणून तुमच्या फाइलला कोणती आवृत्ती मागितली आहे, हे आर्किटेक्टला सुरुवातीलाच विचारा.

२. माझा प्लॉट तीन गुंठ्यांचा आहे. मला हे लागू होतं का?

संहितेने स्वतः घातलेली मर्यादा ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटची आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे ही मर्यादा पाच गुंठ्यांच्या किंचित आत येते. तीन गुंठ्यांवरचं घर त्या मर्यादेबाहेर राहतं. इथे मोजायचा तो प्लॉट, बांधकाम नव्हे. सहा गुंठ्यांवर दोन खोल्या बांधल्या तरी प्लॉट सहा गुंठ्यांचाच धरतात. राज्याला किंवा स्थानिक संस्थेला ही मर्यादा खाली आणण्याची मुभा संहितेतच आहे.

लागू होत नाही म्हणून हे वाचणं सोडू नका, एवढी विनंती. आपल्याकडची बहुसंख्य घरं दीड ते तीन गुंठ्यांवर होतात आणि उन्हाळ्यात सर्वात जास्त तीच तापतात. चारही बाजूंनी उघडं आणि डोक्यावर उघडा स्लॅब असलेलं छोटं घर एखाद्या मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त ऊन खातं. खालचा हिशेब तीन गुंठ्यांनाही तसाच्या तसा चालतो.

३. मग आज हे बंधनकारक आहे की ऐच्छिक?

केंद्राची संहिता आपोआप कोणाच्या परवान्यात येत नाही. राज्याने ती अधिसूचनेने स्वीकारली आणि बांधकाम नियमावलीत घेतली की बंधन येतं. स्वीकारताना स्थानिक हवामानाप्रमाणे फेरफार करण्याचा अधिकारही राज्याला आहे. महाराष्ट्रात या कामासाठी नेमलेली संस्था म्हणजे महाऊर्जा.

कायद्याची बाजू अशी: ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यासाठी उंबरठा आहे १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी, आणि राज्य तो कमी करू शकतं. महावितरणच्या बिलावर तुमचा मंजूर भार छापलेला असतो, तो पाहा. साध्या बंगल्याचा भार पाच-दहा किलोवॅटच्या पुढे सहसा जात नाही. १०० किलोवॅटला पोचते ती वीस-तीस फ्लॅटची इमारत.

तुमच्यापुरतं व्यवहाराचं उत्तर तुमच्या बांधकाम परवानगीच्या अटींत असतं. फाइल दाखल करण्याआधी नगररचना विभागात ऊर्जेसंबंधी कोणतं कलम लागेल ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तरावर खिडक्यांची ऑर्डर देऊ नका.

४. आरईटीव्ही हा काय प्रकार आहे? आमच्या इंजिनीअरने नुसता आकडा सांगितला, १५.

पूर्ण नाव रेसिडेन्शियल एन्व्हलप ट्रान्समिटन्स व्हॅल्यू. छत सोडून घराच्या बाहेरच्या अंगातून, म्हणजे भिंती, खिडक्या आणि दारांतून, सरासरी किती उष्णता आत येते ते हा आकडा सांगतो. एकक वॅट प्रति चौरस मीटर. मर्यादा १५. आकडा जितका कमी तितकं घर थंड.

उष्णता तीन वाटांनी येते. तापलेल्या भिंतीतून झिरपते. काचेतून झिरपते. आणि काचेतून ऊन सरळ आत पडतं. सूत्रात या तीन वाटांना वेगवेगळं वजन आहे. उष्ण-दमट विभागासाठी (विभागांचं प्रश्न १४ मध्ये) ती वजनं ५.१५, १.३१ आणि ६५.२१ आहेत. तिसरा आकडा पाहा. सगळी गोम तिथे आहे.

एक ढोबळ हिशेब करू. दिशांचा गुणक (प्रश्न ५) सोयीसाठी १ धरू. बाहेरच्या अंगाचा ८० टक्के भाग भिंत, २० टक्के खिडकी. भिंत नऊ इंची विटेची, तिची यू-व्हॅल्यू २. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून जाणारे वॅट. काच साधी, एकेरी, यू-व्हॅल्यू ५.७. तिचा एसएचजीसी, म्हणजे पडलेल्या उन्हातला किती हिस्सा आत जातो तो आकडा, ०.८.

भिंतीतून: ०.८ × २ × ५.१५ = ८.२४
काचेतून झिरपून: ०.२ × ५.७ × १.३१ = १.४९
काचेतून सरळ ऊन: ०.२ × ०.८ × ६५.२१ = १०.४३
एकूण २०.१६. हे घर नापास.

आता भिंत तीच ठेवून खिडक्यांवर चांगले छज्जे काढले आणि सावली धरून एसएचजीसी ०.५५ वर आला, तर तिसरा आकडा ७.१७ होतो आणि बेरीज १६.९. छज्जे नसताना विटेऐवजी ०.८ यू-व्हॅल्यूचे एएसी ब्लॉक (हवेची छिद्रं असलेले हलके काँक्रीट ब्लॉक) वापरले तर बेरीज १५.२२. म्हणजे एकट्या छज्ज्याने भागत नाही आणि एकट्या ब्लॉकनेही थोडक्यात हुकतं. दोन्ही केलं तर ११.९६.

विटेचंच घर हवं असेल तर तिसरी वाट आहे. काच २० वरून १५ टक्क्यांवर आणा आणि सावली तीच ठेवा. बेरीज १५.२५ येते. छज्जा आणखी थोडा वाढवला की काम झालं. गवंडी, वीट, सिमेंट काहीही न बदलता. म्हणून मी ग्राहकांना सांगतो, महागड्या काचेच्या दुकानात जाण्याआधी छज्ज्याची रुंदी ठरवा.

५. आमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. नियमात दिशेला काही किंमत आहे का?

आहे, आणि ती आकड्यांत आहे. सातारा १७.७ अक्षांशाच्या आसपास आणि सांगली १६.९ च्या, म्हणजे दोन्ही कर्कवृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला. आपल्या पट्ट्यासाठी संहितेतले गुणक असे: उत्तर ०.६५९, दक्षिण ०.९६६, पूर्व १.१५५, पश्चिम १.१५६. ईशान्य आणि वायव्य ०.९ च्या जवळपास, आग्नेय आणि नैर्ऋत्य १.१२ च्या.

पश्चिमेची एक खिडकी म्हणजे उत्तरेच्या पावणेदोन खिडक्या. दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. भर उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो. खरा त्रास पूर्व-पश्चिमेचा, कारण तिथलं ऊन आडवं येतं आणि छज्ज्याखालून आत शिरतं.

रस्ता पश्चिमेलाच असेल तर दर्शनी भाग काचेने भरू नका. व्हरांडा काढा, जिना, बाथरूम, स्टोअर त्या बाजूला टाका, खिडकीला बाजूच्या उभ्या पट्ट्या द्या. आपल्या जुन्या वाड्यांत सोपा (ओसरी) पुढे असायचा आणि माजघर आत. घराच्या आतल्या भिंतीला उन्हाचा स्पर्शच होत नसे.

दारातल्या झाडाची सावली मात्र सूत्रात धरली जात नाही. हिशेब होतो तो इमारतीला जोडलेल्या छज्ज्यांचा आणि पट्ट्यांचा. तरीही पश्चिमेला झाड लावाच.

६. वीट घ्यावी की एएसी ब्लॉक? गवंडी म्हणतो वीटच बरी.

उष्णतेपुरतं विचाराल तर ब्लॉक सरळ जिंकतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या २०० मिलिमीटर एएसी भिंतीची यू-व्हॅल्यू सुमारे ०.७७ भरते. नऊ इंची विटेची भिंत साधारण पावणेदोन ते सव्वादोन. भरीव काँक्रीट ब्लॉकची त्याहून वर, आणि अॅल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये ओतलेली १५० मिलिमीटरची काँक्रीट भिंत तर साडेतीनच्याही पुढे.

गवंड्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. एएसीला सरावाचा हात लागतो. सांध्यांना ब्लॉक चिकटवायचा तयार मसाला लागतो, काँक्रीटच्या खांबाशी जिथे ब्लॉक भिडतो तिथे जाळी ठोकावी लागते, नाहीतर गिलाव्याला उभी चीर पडते. टीव्ही, गीझर, माळा अशा जड वस्तूंच्या जागा आधी ठरवाव्या लागतात. तुमच्या गवंड्याने ब्लॉकचं काम केलेलं नसेल आणि तो विटेत कसबी असेल, तर मी त्याच्याकडून वीटच लावून घेईन आणि उष्णतेचा हिशेब खिडकी-छज्ज्यात सोडवेन.

७. सांगलीत आमचा भाग पुरात जातो. तिथे एएसी चालेल का?

हा प्रश्न २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सर्वात जास्त आला आहे, आणि यात घाई नको. एएसी ब्लॉक सच्छिद्र असतो. पाणी दोन-चार दिवस उभं राहिलं की तो भरपूर पाणी धरतो आणि वाळायला फार वेळ घेतो. ओला असेपर्यंत त्याचा उष्णतारोधही निकामी असतो, कारण छिद्रांतल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते.

मी असं करतो: मागच्या पुराची खूण भिंतीवर किंवा शेजारच्यांच्या आठवणीत असतेच. त्या खुणेच्या दोन फूट वरपर्यंत चांगली भाजलेली वीट सिमेंटमध्ये किंवा भरीव काँक्रीट ब्लॉक, त्यावर एएसी. सूत्रात प्रत्येक भिंतीचं क्षेत्रफळ तिच्या यू-व्हॅल्यूने गुणून बेरीज होते, त्यामुळे अशी मिश्र भिंत हिशेबात व्यवस्थित बसते. खालच्या पट्ट्याने वाढलेली उष्णता खिडकीच्या सावलीतून भरून काढायची.

जिप्समचा गिलावा तळमजल्यावर नको. आणि यातलं काहीही करण्याआधी प्लॉट निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये, ते पाहा. ती गोष्ट ऊर्जेच्या कितीतरी आधीची आहे.

८. गावाकडे दगडी किंवा मातीची भिंत थंड असते. नियम तिला पास करतो का?

दीड फुटी मातीच्या भिंतीची यू-व्हॅल्यू हिशेबाने सुमारे १.३ येते, म्हणजे विटेपेक्षा चांगली. ती पास होणं सोपं आहे. दीड फुटी काळ्या दगडाची अडीचच्या घरात जाते, म्हणजे विटेपेक्षा वाईट. वाईतल्या वाड्यात एप्रिलच्या दुपारी गार वाटतं हे मात्र खोटं नाही. दगड दिवसभराची उष्णता पोटात साठवतो आणि ती आत यायला संध्याकाळ होते. तोवर बाहेर वारं सुटलेलं असतं. आरईटीव्हीच्या सूत्रात हे साठवणं वेगळं मोजत नाहीत. मला ती या सूत्राची खरी उणीव वाटते, विशेषतः माण, खटाव, आटपाडीसारख्या दिवस-रात्रीत मोठा फरक असलेल्या भागांसाठी. दगडाचं घर बांधायचं असेल तर खिडक्या लहान आणि सावलीत ठेवा, म्हणजे आकडाही जमतो.

९. खिडक्या किती मोठ्या हव्यात? स्लायडिंग चालेल?

संहिता खिडकीचं माप विचारत नाही, उघडणारा भाग विचारते. घराच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात तो किमान इतका हवा: उष्ण-कोरड्या विभागात १० टक्के, संमिश्र आणि समशीतोष्ण विभागात १२.५ टक्के, उष्ण-दमट विभागात १६.६६ टक्के. जुन्या मिस्त्रींच्या भाषेत एक दशांश, एक अष्टमांश आणि एक षष्ठांश.

बिजागरीची खिडकी ९० टक्के उघडी धरतात. दोन तावदानांची स्लायडिंग ५० टक्के, तीन तावदानांची ६७ टक्के. आता ५० चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर घ्या. १२.५ टक्के म्हणजे ६.२५ चौरस मीटर उघडा भाग. बिजागरीच्या खिडक्यांत तो सुमारे ७ चौरस मीटरमध्ये बसतो. दोन तावदानांच्या स्लायडिंगला साडेबारा चौरस मीटर खिडकी लागते, आणि तेवढी काच वाढली की प्रश्न ४ मधला तिसरा आकडा वर चढतो. स्लायडिंगने दोन्हीकडून नुकसान होतं. आजकाल सरसकट स्लायडिंग लावतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उघड्या बाल्कनीत उघडणारं दार या हिशेबात धरता येतं. घराचं मुख्य दार आणि तळमजल्याचं परसदार धरता येत नाही, कारण ती रात्री बंदच असतात.

१०. पश्चिमेला काळी काच लावली तर ऊन कमी होईल ना?

ऊन कमी होईल आणि उजेडही. त्यासाठीच चौथी अट आहे. बाहेरच्या अंगात खिडक्यांचा हिस्सा ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. हिस्सा ३१ ते ४० टक्के असेल तर २० टक्के. गडद काच किंवा आरसा फिल्म या अटीत अडकू शकते, आणि मग दिवसा दिवा लावून बसावं लागतं. काच घेताना दुकानदाराकडून यू-व्हॅल्यू, एसएचजीसी आणि व्हीएलटी (आत येणाऱ्या दृश्य प्रकाशाचा हिस्सा) हे तीन आकडे असलेलं कंपनीचं पत्रक मागा. नुसतं ‘हीट रिफ्लेक्टिव्ह’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

११. छतासाठी काय करावं? स्लॅबवर कोबा आहेच.

छताची अट यू-व्हॅल्यू १.२ किंवा त्याहून कमी अशी आहे. सहा इंची उघडा स्लॅब हिशेबाने ३.३ च्या आसपास येतो. त्यावर चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा केला तरी २.३. कोबा गळतीसाठी चांगला, उष्णतेला तो अर्धवटच अडवतो.

स्लॅबवर २५ मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारे कडक फोमचे तक्ते) टाकले की आकडा एकच्या खाली उतरतो. क्रम असा: स्लॅब, वॉटरप्रूफिंग, बोर्ड, त्यावर उताराचं काँक्रीट किंवा कोबा, मग फरशी. बोर्ड खालच्या बाजूने, म्हणजे फॉल्स सीलिंगमध्ये टाकला तर आकडा जमतो, पण स्लॅब उन्हात तापत आणि रात्री आकसत राहतो आणि चिरा वाढतात. वरूनच टाका.

याचा फरक किती, ते पाहा. तापलेल्या गच्चीमुळे आत-बाहेर २० अंशांचा फरक धरला, तर १०० चौरस मीटरच्या उघड्या स्लॅबमधून ६.६ किलोवॅट उष्णता खोल्यांत उतरते. एक टनाचा एसी सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे जवळजवळ दोन एसी नुसत्या स्लॅबशी झगडत राहतात. बोर्ड टाकल्यावर तीच उष्णता दोन किलोवॅट उरते. भिंत, खिडकी, छत यांपैकी एकाच गोष्टीला पैसे पुरत असतील आणि घर एकमजली असेल, तर मी डोळे झाकून छताला घालीन.

१२. गच्चीला चायना मोझॅक किंवा पांढरा रंग दिला तर छताची अट पूर्ण होते का?

नाही. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, त्यामुळे गच्ची कमी तापते आणि खालच्या खोलीला लगेच जाणवतं. पण यू-व्हॅल्यू म्हणजे थरांचा रोध, आणि रंगाने तो बदलत नाही. कागदावरच्या अटीसाठी प्रश्न ११ मधला बोर्ड हवा. बांधून झालेल्या घराला मात्र स्वस्तातला पहिला उपाय पांढरी गच्ची हाच. दर उन्हाळ्याआधी धुळीचा थर धुवून काढा, मळलेला पांढरा रंग फारसं काम करत नाही.

१३. गच्चीवर पत्र्याची शेड मारली तर?

खालच्या स्लॅबला सावली मिळते, आणि चारही बाजू उघड्या ठेवल्या तर फायदा चांगलाच होतो. पण तीच शेड बंद करून खोली केली तर पत्र्याला स्वतःचा उष्णतारोध जवळजवळ शून्य आहे, ती खोली १.२ च्या जवळपासही जाणार नाही. शिवाय बंद शेड हे वाढीव बांधकाम ठरतं.

१४. आम्ही कोणत्या हवामान विभागात येतो? पाटण आणि माण एकच कसे?

संहितेत पाच विभाग आहेत: संमिश्र, उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, समशीतोष्ण आणि थंड. विभाग महिन्याच्या सरासरी कमाल तापमानावर आणि दमटपणावर ठरतात. उदाहरणार्थ, ३० अंशांच्या वर आणि दमटपणा ५५ टक्क्यांच्या खाली असेल तर उष्ण-कोरडा. २५ ते ३० अंश आणि दमटपणा ७५ टक्क्यांच्या आत असेल तर समशीतोष्ण. तुमच्या गावाचा विभाग आर्किटेक्ट संहितेच्या नकाशावरून घेतो आणि हिशेबाच्या पहिल्या ओळीत लिहितो. ती ओळ वाचा.

आरईटीव्हीची १५ ही मर्यादा थंड सोडून चारही विभागांना एकच आहे, छताची १.२ सगळ्यांना. बदलतात ती सूत्रातली वजनं आणि खिडकीचं प्रमाण.

नकाशा ढोबळ असतो, जमीन तशी नसते. पाटण, जावळी, शिराळ्यात पावसाचे चार महिने भिंती वाळत नाहीत, तिथे आरपार वारा आणि मोठा छज्जा आधी. माण, आटपाडी, जतला लहान सावलीतल्या खिडक्या आणि रात्री उघडता येणारी घराची मांडणी आधी. कागदावर दोघांचा विभाग एक असला तरी घर एक असू नये.

१५. सोलर बसवतोच आहे. मग भिंती-छताचं कशाला बघायचं?

पहिल्या भागातल्या चार अटींना सोलर पॅनेलने सूट मिळत नाही. पॅनेल वीज देतं, खोलीत येणारी उष्णता अडवत नाही (पॅनेलखालच्या गच्चीला मिळणारी सावली तेवढी खरी). प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. ते जरूर घ्या. पण आधी घराची गरज कमी करा, मग पॅनेल मोजा.

१६. खाली दुकानं आणि वर आम्ही राहतो. पाचगणीत लॉज किंवा वसतिगृह असेल तर?

मिश्र वापरात फक्त राहत्या भागाला ही संहिता लागते. दुकानांचा हिशेब व्यापारी इमारतींच्या वेगळ्या संहितेत जातो. हॉटेल, लॉज आणि वसतिगृह या संहितेच्या ‘निवासी’ व्याख्येतच येत नाहीत.

१७. महाबळेश्वर-पाचगणीचे नियम वेगळे आहेत का?

बांधकाम परवानगीचे, हो. राज्याची २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली गिरिस्थान नगरपालिकांना आणि पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रांना लागू नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे प्रश्न १८ मधली सवलत तिथे गृहीत धरू नका.

१८. ग्रीन बिल्डिंग केली तर जादा एफएसआय मिळतो हे खरं का?

खरं. एकत्रिकृत नियमावलीत मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं त्या आकड्यावर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआयची तरतूद आहे, ग्रिहा (GRIHA) किंवा आयजीबीसीसारख्या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या पायरीप्रमाणे. हे मानांकन आणि इको निवास संहिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या जागी चालत नाही. छोट्या बंगल्याला मानांकनाचा खर्च परवडेल असं मला वाटत नाही. सांगली, मिरज, कराडमधल्या मोठ्या गृहप्रकल्पांनी मात्र हिशेब मांडून पाहावा.

१९. बिल्डरकडून फ्लॅट घेतोय. काय विचारू?

आरईटीव्हीचा हिशेबाचा कागद मागा, आकडा तोंडी नको. भिंत कशाची आणि किती जाड, काचेचं पत्रक (प्रश्न १०), आणि सर्वात वरचा मजला असेल तर छतावरच्या थरांचा क्रम (प्रश्न ११). हिशेबासाठी ऊर्जा दक्षता ब्युरोचं मोफत साधन उपलब्ध आहे, त्यामुळे ‘ते फार खर्चिक असतं’ हे उत्तर पटवून घेऊ नका. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला जाऊन पश्चिमेच्या खोलीत दहा मिनिटं बसून या.

२०. स्लॅब पडला, भिंती उभ्या आहेत, खिडक्या अजून बसायच्या आहेत. आता काही करता येईल?

बरंच. खिडकी स्लायडिंगऐवजी बिजागरीची करता येते. अँगलवर पत्र्याचा किंवा सिमेंट शीटचा छज्जा बाहेरून बसवता येतो. पश्चिमेच्या मोठ्या गाळ्याचा खालचा भाग भिंतीने भरून खिडकी लहान करता येते. वॉटरप्रूफिंग व्हायचं असेल तर बोर्डची वेळ हीच आहे. एकदा फरशी बसली की ते काम दुप्पट होतं.

माझ्या स्वतःच्या घरात हेच राहून गेलं. गच्चीची फरशी बसून दोन उन्हाळे काढल्यावर ती उखडली, बोर्ड टाकले आणि पुन्हा बसवली. आता आई दुपारी वरच्याच खोलीत झोपते.

२१. आमच्याकडे एसी नाही आणि घ्यायचाही नाही. मग याचा उपयोग काय?

तुम्हालाच सर्वात जास्त. एसीवाल्याच्या घरात चुकीची भिंत बिलात दिसते. तुमच्या घरात ती रात्री अकरा वाजता अंथरुणावर जाणवते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हा खाली उष्णता सोडत असतो. छत आणि सावली नीट केली की पंखा पुरतो. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घ्या. जुना पंखा ७० ते ७५ वॅट खातो, हा साधारण ३० ते ३५. वारा तितकाच.